अरबी येत नाही, तरी

"सर, तुम्हाला अरबी वाचता येत नाही, मग त्या अक्षरांकडे एवढं काय बघत बसता?" मी देवनागरी सुलेखन शिकवतो, त्यामुळे दर नव्या बॅचमध्ये कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

मला अर्थाआधी हात दिसतो. तिरका कापलेला बोरू कागदावर टेकवून जरासा ओढला की शंकरपाळ्यासारखा ठिपका उमटतो. अरबी लिपीत हा नुक्ता, आणि सगळी मोजदाद त्याच्यावर. दहाव्या शतकात बगदादचा वजीर इब्न मुक्ला याने ही पद्धत बसवली. अलिफ हे पहिलं अक्षर म्हणजे एक उभी रेघ. सुलुस या लेखनशैलीत ती साधारण सात नुक्त्यांची. तोच अलिफ व्यास धरून वर्तुळ काढायचं आणि इतर अक्षरांची वळणं त्या वर्तुळाशी जुळवायची. बोरू जाड घ्या की बारीक, प्रमाण हलत नाही. दरबारी राजकारणात याच माणसाचा उजवा हात तोडला गेला आणि 940 साली तो तुरुंगात वारला. तुटलेल्या हाताला बोरू बांधून तो लिहीत राहिला, असं सांगतात. वर्गात इथपर्यंत आलो की मला क्षणभर थांबावं लागतं.

पण मी खरा अडकलो तो विजापुरात, इब्राहिम रोझ्यात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची ही कबर, 1626च्या सुमाराची. तिथल्या भिंतींवर अक्षरं कोरलेली आहेतच, पण खिडक्या बघा. त्यांची जाळी अरबी अक्षरांचीच आहे! अक्षरं दगडात ठेवली आणि त्यांच्यामधला दगड काढून टाकला. आम्ही मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, काळ्याआधी पांढरं बघा, अक्षराच्या पोटातली जागा बघा. इथे ती जागा म्हणजे उजेड आहे. शिवाय अशा जाळीत एकही अक्षर सुटं ठेवता येत नाही, नुक्तासुद्धा कशाला तरी धरून हवा, नाहीतर गळून पडेल. ज्याने ही ओळ आखली, त्याला लिपी आणि दगड दोन्ही पुरते कळले होते. तिथून निघताना दरवेळी उशीर होतो.

अर्थ कळत नाही ही मात्र उणीवच. लिहिणाऱ्याने वाचलं जावं म्हणून लिहिलं होतं, नुसती नक्षी म्हणून नाही. अक्षरं 'सुंदर' म्हणून पुढे निघून जाणं मला आता बरं वाटत नाही. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मित्राच्या अम्मींकडे अलिफ-बे शिकतोय. त्या 'ऐन' या अक्षराचा घशातला उच्चार माझ्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतात. माझी नजर तेवढ्यात त्याच्या पोटाच्या वळणावर गेलेली असते, आणि अम्मी वहीवर बोट आपटून म्हणतात, "पहले बोलो, भाई. बाद में देखो."