डोजोतले चार जानेवारी

टोकियोत नोकरीला होतो तेव्हाचे चार जानेवारी माझ्या मनात अजून ताजे आहेत. वर्षभर कामाच्या धबडग्यात डोजोला, म्हणजे कराटेच्या तालमीला, दांड्या व्हायच्या, पण ११ जानेवारीच्या आसपासचा तो रविवार मी एकदाही चुकवला नाही. त्या दिवशी कागामी-बिराकी असायची. आमच्या कराटे डोजोचं वार्षिक स्नेहसंमेलनच म्हणा ना.

सुरुवात व्हायची ती लाकडी जमीन पुसण्यापासून. ओलं फडकं दोन्ही हातांखाली दाबून, ओणवं होऊन, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत जायचं. पोरंटोरं पुढे, सत्तरीचे आजोबा मागे, आणि सगळ्यांची बोटं गारठून लाल. मग सराव, आणि शेवटी डोजो-कुन. पाच वाक्यांची ही प्रतिज्ञा, पण प्रत्येक वाक्य 'हितोत्सु', म्हणजे 'एक', असंच सुरू होतं. दोन-तीन-चार नाहीच, कारण पाचांतलं कुठलंच दुसऱ्यापेक्षा कमी नाही. मला तर ही एवढी एक गोष्ट साऱ्या लाथा-ठोशांहून मोठी वाटते.

त्यानंतर सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, आम्हाला समोर बसवून दरवर्षी तीच गोष्ट सांगायचे. दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरचे एक शाळामास्तर, गिचिन फुनाकोशी, १९२२ साली कराटेचं प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला आले आणि तिथलेच झाले. कविता करायचे ते 'शोतो' या नावानं. शोतो म्हणजे पाइनच्या रानातून लाटेसारखी येणारी वाऱ्याची सळसळ. शुरी या त्यांच्या गावाजवळ तोराओ नावाची टेकडी आहे, वाघाच्या शेपटीसारखी लांबट. तरुणपणी तिथल्या झाडांत ते फिरत. शिष्यांनी डोजो बांधला तेव्हा दारावर पाटी लावली 'शोतोकान', शोतोंचं घर. तेच पुढे त्यांच्या कराटेचं नाव झालं; आपल्या पद्धतीला गुरूनं स्वतः नाव दिलंच नव्हतं! १९४५च्या बॉम्बहल्ल्यात तो डोजो जळाला. चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, शिष्यांनी जपान कराटे असोसिएशन उभी केली आणि ऐंशीच्या घरातल्या गुरुजींना मानानं मुख्य प्रशिक्षक केलं. संस्थेचे प्रशिक्षक पुढे देशोदेशी गेले. इथे सेन्सेई दरवर्षी क्षणभर थांबायचे. मीही थांबायचो.

आणि वाघ? गोल वर्तुळातला तो शोतोकानचा वाघ होआन कोसुगी या चित्रकारानं काढला. फुनाकोशींनी पुस्तक लिहावं म्हणून तोच त्यांच्या मागे लागला होता. एखाद्या विद्येच्या मूळ ग्रंथाला जपानीत 'तोरा नो माकी' म्हणतात, आणि तोरा म्हणजे वाघ. पुस्तक हाच कराटेचा तोरा नो माकी, म्हणून त्यावर वाघ. तोवर मला तो नुसता डरकाळी फोडणारा वाघ वाटायचा; त्याच्या पोटी पुस्तक आहे हे कळल्यावर छातीवरचा बिल्ला मी वेगळ्याच मायेनं लावू लागलो.

मग यायचा कागामी-मोची. तांदळाचे दोन गोल गोळे, मोठ्यावर लहान, वर एक संत्र्यासारखं फळ. कागामी म्हणजे आरसा. जुन्या काशाच्या आरशासारखा हा गोल. नववर्षापासून फुनाकोशींच्या तसबिरीसमोर ठेवलेला, वाळून तडकलेला. त्याला सुरी लावत नाहीत, कारण सामुराईंच्या घरात कापणं म्हणजे पोट चिरणं आठवायचं. लाकडी हातोड्यानं फोडायचा, पण 'फोडला' म्हणायचं नाही. बिराकी म्हणजे उघडणं. ज्युदोच्या कोदोकान या मूळ संस्थेनं ही प्रथा १८८४ मध्ये घेतली, आणि पुढे ती इतर डोजोंतही रुजली. तुकडे अझुकी या बारीक लाल कडधान्याच्या गोड, दाट रश्शात शिजायचे. वाटी हातात आली की पुरणाचा वास आल्यासारखं व्हायचं.

दुसऱ्या वर्षी सेन्सेईंना मी सांगितलं, आमच्याकडेही शुभकार्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. त्यांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतला. वहीत कातकानात, म्हणजे परक्या शब्दांसाठीच्या जपानी लिपीत, लिहूनही ठेवला.

चौथ्या वर्षी, माझ्या शेवटच्या कागामी-बिराकीला, त्यांनी हातोडा स्वतः न उचलता माझ्या हातात दिला, मोचीकडे बोट केलं आणि हळूच म्हणाले, "वाढवा."