घड्याळ लावू देत नाहीत, तरीही फेरी लवकर संपवायची

इंग्लंडमध्ये ट्रॅक डेला, म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, गेलं की सकाळच्या ब्रीफिंगमध्ये एक गोष्ट बजावून सांगतात: इथे कोणी कोणाशी शर्यत लावायची नाही आणि लॅपची, म्हणजे फेरीची, वेळ मोजायची नाही. वेळ मोजली की ती स्पर्धा झाली, आणि स्पर्धा झाली की लायसन्स वेगळं, विमा वेगळा, गाडीच्या सुरक्षेचे नियमही वेगळे. खोलीतले सगळे मान डोलावतात, मनगटाला पट्टी बांधून घेतात आणि हेल्मेट उचलून बाहेर पडतात. त्या खोलीतल्या झाडून सगळ्यांना मागच्या खेपेपेक्षा आज वेगात जायचं असतं, ही गोष्ट वेगळी.

मीही त्यातलीच. माझ्याकडे जुन्या पिढीतली फोर्ड फिएस्टा एसटी आहे. १.६ लिटरचं टर्बो इंजिन, १८२ अश्वशक्ती, वजन साधारण ११६० किलो. फोर्डने २०२३ मध्ये फिएस्टा बनवणंच बंद केलं, त्यामुळे आता मिळतात त्या सगळ्या वापरलेल्या. सोमवार ते शुक्रवार हीच गाडी ऑफिसला नेते, हिच्यातूनच किराणा येतो. इकडे अशा गाड्यांना हॉट हॅच म्हणतात, आणि ट्रॅक डेच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या उभ्या करायच्या आवारात, पोर्शेपेक्षा यांचीच गर्दी जास्त असते. क्लिओ, मेगान, गोल्फ जीटीआय, सिव्हिक टाइप आर. मागच्या सीटवरचं बाळाचं सीट काढून पॅडॉकच्या डांबरावर ठेवलेलंही मी पाहिलंय.

मी जाते ती मुख्यतः नॉरफोकमधल्या स्नेटर्टनला. दुसऱ्या महायुद्धात तिथे अमेरिकन बॉम्बर विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर इंग्लंडभर असे ओस पडलेले विमानतळ शर्यतींच्या कामी आले, सिल्व्हरस्टोनही त्यांतलाच. विमानतळ म्हटल्यावर जागा सपाट, आणि सपाट म्हटल्यावर वारा मोकाट. बेंटली स्ट्रेट नावाचा लांबलचक सरळ पट्टा आहे, तिथे वारा पाठीशी असेल तर सकाळची ब्रेकची खूण दुपारी चालत नाही. २०११ मध्ये आतल्या बाजूला नवी वळणं जोडून ट्रॅक वाढवला, तेव्हापासून मोठ्या आखणीला ३०० म्हणतात, लांबी २.९७ मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटरच्या किंचित वर. वळणांना अगोस्टिनी, हॅमिल्टन, ब्रंडल अशी नावं. मार्टिन ब्रंडल तर याच नॉरफोकचा.

बाबांना व्हिडिओ कॉलवर हे सगळं रंगवून सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे निघतेस तिथेच परत येतेस ना? मग लिटरला किती देते?" चार, मी म्हटलं. पुढचा सगळा कॉल आईशीच झाला.

आता मुद्द्याचं. फेरीची वेळ कमी करायची म्हटलं की पॅडॉकमधले निम्मे लोक इंजिनकडे बघतात. माझ्या गाडीसाठी माउंट्यून कंपनीचा ताकद वाढवणारा एक संच मिळतो, तो बसवला की १८२ ची २१५ अश्वशक्ती होते. छान आहे, रस्त्यावर मजाही येत असेल. पण ट्रॅकवर दोन-तीन जोरदार फेऱ्या झाल्या की छोट्या टर्बो इंजिनात जाणारी हवाच तापते आणि गाडी स्वतःहून ताकद आखडती घेते. वाढवलेली ताकद मग कागदावरच. शिवाय जास्त वेगाने वळणापाशी पोहोचायचं म्हणजे ब्रेकला जास्त काम, आणि या गाडीचे पुढचे ब्रेक आहेत जेमतेम.

ब्रेकचा हिशेब एकदा करून बघाच. गाडी आणि मी मिळून १३०० किलो धरू. ताशी १८० वरून ८० वर यायचं तर सुमारे १३ लाख ज्यूल ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत चार लिटर गार पाणी उकळीला येईल, आणि हे काही सेकंदांत, तेही एका ब्रेकिंगला. अशी ब्रेकिंगं फेरीत दोन-तीन. साधं डॉट ४ ब्रेक ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ते हवेतली ओल शोषून घेतं आणि ओलावलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ पर्यंत चालतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन खाली जायला लागतं. त्यामुळे माझा पहिला खर्च होता चांगलं ब्रेक ऑइल आणि ट्रॅकवर तग धरणारे पॅड. गार असताना हे पॅड कुरकुरतात आणि सिग्नलला लोक वळून बघतात. बघू देत.

फिएस्टाची आणखी एक खोड आहे. तिला खरा लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक फुकट फिरू न देणारा यांत्रिक भाग, नाही. वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक फिरकी घ्यायला लागलं की इलेक्ट्रॉनिक्स त्या चाकाला हळूच ब्रेक लावतं, म्हणजे जोर बाहेरच्या चाकाकडे जातो. रस्त्यावर ही युक्ती झकास चालते. ट्रॅकवर मात्र पुढच्या ब्रेकला सुट्टी म्हणून नाही: वळणाआधी मी दाबते, वळणानंतर गाडी दाबते. म्हणून जोरदार दोन-तीन फेऱ्या, मग एक सावकाश, असंच चालवायचं. आत आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेल्या डिस्कवर पॅड तसाच दाबून राहतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाखाली वीट सरकवायची. पॅडॉकमध्ये विटा विसरलेली माणसं लगेच ओळखू येतात, ती लाकडाचा तुकडा शोधत फिरत असतात.

टायरच्या हवेबद्दल तर लोक तासन्‌तास बोलतात. सकाळी गार टायरमध्ये ३० पीएसआय भरली की काही फेऱ्यांत ३५-३६ होते, आणि पुढची हवा मागच्यापेक्षा जास्त चढते, कारण फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत वळणं, थांबणं आणि ओढणं ही तिन्ही कामं पुढच्याच दोन टायरांकडे. महागडं काही न घेता तपासायचं असेल तर खडू घ्या. टायरच्या कडेवर, नक्षी संपते तिथून खाली, खडूची जाड रेघ ओढायची आणि चार फेऱ्या मारून यायचं. रेघ जिथवर पुसली तिथवर टायर जमिनीला लागतोय. बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, कडेपर्यंत पोहोचलीच नाही तर जास्त. स्नेटर्टनला फेरी घड्याळाच्या दिशेने, मोठी वेगवान वळणं उजवी, त्यामुळे पुढचा डावा टायर सगळ्यात आधी बाद होतो. त्याची बाहेरची कड मी हाताने चाचपून बघते. चटका बसतो, पण कळतं.

हे सगळं झालं तयारीचं. माझी फेरी जी खरोखर लहान झाली ती एका वळणावर आणि पायाच्या एका सवयीने.

त्या वळणाचं नाव कोरम. बॉम्ब होल नावाच्या वळणातून बाहेर पडलं की उजवीकडे हे लांब, न संपणारं वळण सुरू होतं. वेग चांगलाच असतो, गाडी डाव्या टायरांवर रेलून उभी असते, आणि ते संपता संपता लगेच घट्ट डावं वळण येतं, मरीज. म्हणजे ब्रेक मारायचा तो गाडी अजून उजवीकडे वळत असतानाच. सरळ रेषेत ब्रेक मारा, मग वळा, हा ड्रायव्हिंगचा पहिला धडा इथे लागूच होत नाही.

मी इथे एका प्रशिक्षकाला शेजारी बसवलं. इकडे ट्रॅकवर अर्ध्या तासाच्या हिशेबाने शिकवणारे मिळतात आणि माझ्या मते टर्बोच्या सुट्या भागांपेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतात. निवृत्त शाळामास्तरासारखे दिसणारे गृहस्थ. दोन फेऱ्या काही बोलले नाहीत. तिसऱ्या फेरीत मरीजपाशी म्हणाले, "ब्रेक तुम्ही दाबता छान. सोडता कसा, ते बघा."

मी सोडत होते म्हणजे झटक्यात सोडत होते. त्यात काय होतं ते सांगते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे येतं, पुढचे टायर जमिनीवर दाबले जातात, आणि दाबलेल्या टायरला पकड जास्त. नेमकं स्टिअरिंग फिरवायच्या वेळी पाय झटकन उचलला की नाक वर येतं, पुढच्या टायरवरचा भार जातो, आणि गाडी वळण्याऐवजी सरळ ढकलली जाते. मग आपण स्टिअरिंग आणखी फिरवतो, ॲक्सिलरेटर द्यायला उशीर होतो, आणि पुढचा सगळा सरळ पट्टा मंदावतो. दोष जातो टायरला.

त्यांनी सांगितलेला उपाय ऐकायला फारच सोपा होता. पहिल्या क्षणी ब्रेक सगळ्यात घट्ट, आणि मग तोंडाने तीन, दोन, एक मोजत सोडायचा. स्टिअरिंग जसं आत जाईल तसा पाय वर येईल. एक म्हणताना गाडी वळणाच्या आतल्या कडेला लागलेली हवी. इंग्रजीत मोजून जमेना, तोंडातून आकडे आपोआप मराठीत यायला लागले, तेव्हा कुठे पाय सैल झाला. मास्तरांना काही कळत नव्हतं, पण नाक वळतंय हे त्यांना बुडाखाली कळलं असावं, कारण त्यांनी डॅशबोर्डवर बोटाने ठेका धरला.

यात एक धोकाही आहे. वजन पुढे आलं म्हणजे मागे हलकं झालं. फिएस्टाची मागची बाजू मुद्दाम कडक ठेवलेली, घट्ट वळणात आतलं मागचं चाक चक्क हवेत उचललं जातं. कोरममध्ये घाबरून एकदम पाय काढला तर शेपूट बाहेर यायला वेळ लागत नाही. म्हणून ही सवय आधी अगोस्टिनीसारख्या मंद वळणावर लावून घ्यायची, वेगवान जागी नंतर.

किती फरक पडतो? ब्रेक पाच मीटर उशिरा मारला, म्हणजे ते पाच मीटर ताशी ८० ऐवजी १८० ने गेले, तर मिळतात सेकंदाचे साडेबारा शतांश, तेही पुढचं सगळं बिनचूक जमलं तर. याउलट शंभर मीटरच्या वळणात सगळ्यात कमी वेग ७२ चा ७५ झाला तर पाच सेकंदांचे ४.८ होतात, आणि तो ताशी तीन किलोमीटरचा जास्तीचा वेग पुढच्या सरळ पट्ट्यावर आपल्याबरोबर येतो. पॅडॉकमध्ये मात्र बढाई सगळे मारतात ती "मी शंभरच्या पाटीलाही (वळणाआधी शंभर मीटरवरच्या) ब्रेक मारला नाही" याचीच. ब्रेक किती हळुवार सोडला, हे चहाच्या कपावर सांगण्यासारखं थोडंच आहे.

वेळ मोजायची नाही हे मी पाळते. गाडीत टायमर नाही, मोबाइल बॅगेत. कॅमेरा मात्र घट्ट बसवलेला असेल तर आयोजक परवानगी देतात, आणि घरी येऊन स्वयंपाकघरात तो व्हिडिओ लावला, एका पुलापासून त्याच पुलापर्यंत मोबाइलचं स्टॉपवॉच धरलं, तर ब्रीफिंगवाले काही तिथे येत नाहीत. दोन मिनिटं २८ च्या आसपास फिरणारी फेरी आता २२ च्या आसपास येते, त्याच टायरवर, त्याच इंजिनावर. ज्यांना अधिकृत आकडा हवा त्यांच्यासाठी क्लबांच्या स्प्रिंट असतात. एकेक गाडी सोडतात, घड्याळ लावून, रीतसर लायसन्स घेऊन. तिकडे मी अजून वळलेले नाही.

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: मोसम आणि वार बघून दिवसाचे दीडशे ते तीनशे पौंड. रोजच्या गाडीचा विमा ट्रॅकवर बहुधा चालत नाही, एका दिवसाचा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यात गाडीला काही झालं तर सुरुवातीची मोठी रक्कम आपल्याच खिशातून. आवाजही मोजतात. एक्झॉस्टपासून अर्ध्या मीटरवर तिरका मायक्रोफोन धरून, इंजिन कमाल आरपीएमच्या तीन-चतुर्थांशावर ठेवून. त्यात नापास झालं तर पैसे भरलेले असूनही गाडी पॅडॉकमध्येच. बाकी सगळे बेकन रोलच्या रांगेत असतात तेव्हा मी डिकीत बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाते. हेल्मेट घालून पोटभर जेवणात अर्थ नाही.

पुण्याहून माझा मामेभाऊ सारखा विचारतो, त्याच्याकडे चाकणला बनलेली पोलो जीटी आहे. कोइम्बतूरचा कारी २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळचा मद्रास ट्रॅक ३.७ किलोमीटरचा, दोन्हीकडे हौशी लोकांना गाडी घेऊन जाता येतं. त्याला रीमॅप करायचाय, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचीय. मी म्हटलं, आधी ब्रेक ऑइल बदल, पॅड बदल, खडूचा डबा घे. आणि कारीला पोहोचल्यावर पहिल्या फेरीपासून तीन-दोन-एक मोज. तो म्हणाला, "ताई, रीमॅपवाल्याला ॲडव्हान्स देऊन झालाय."