आधी आवाज, मग श्वास

प्राणायाम सुरू करायचाय, कुठून करू असं कोणी विचारलं की मी सांगते ओंकार म्हण, नाहीतर नुसतं तोंड मिटून गुणगुण, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांना नाडीशोधन (एका नाकपुडीने घेऊन दुसरीने सोडणं) हवं असतं, कुंभक म्हणजे श्वास रोखणं हवं असतं, घेणं-रोखणं-सोडणं यांचं १६-६४-३२ चं प्रमाण हवं असतं, थोडक्यात काहीतरी अवघड हवं असतं. ओंकार काय, तो कोणीही म्हणतं!

कोणीही म्हणतं हे खरंय, पण माझं म्हणणं असं की श्वास हा थेट हातात घ्यायला फार नाठाळ प्रकार आहे, लक्ष दिलं की बिघडतो. आता मी श्वासाकडे बघतेय असं ठरवलं रे ठरवलं की खांदे वर जातात, छाती कडक होते, मध्येच एखादा उसासा येतो आणि मग आपण बरोबर करतोय ना याचंच टेन्शन. आवाजाचं तसं नाही. आवाज काढायचा म्हणजे श्वास सोडावाच लागतो, आणि तोही हळूहळू, कारण भसकन सोडला तर आवाज फाटतो. म्हणजे लांब रेचक, श्वास बाहेर सोडणं, जो मला सगळ्या प्राणायामातला कळीचा भाग वाटतो, तो न मोजता आपोआप होतो.

गंमत म्हणजे पतंजलींच्या योगसूत्रांच्या पहिल्या भागात, समाधिपादातही, प्रणव म्हणजे ओंकार २७ व्या सूत्रात येतो, लगेच २८ व्यात त्याचा जप करा आणि अर्थ मनात धरा असं सांगितलंय, आणि श्वासाचा नंबर लागतो थेट ३४ व्या सूत्रात, "प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य". तिथेही आधी सोडणं, मग थांबवणं. मी काही हा पुरावा म्हणून सांगत नाहीये, सूत्रांचा क्रम म्हणजे टाइमटेबल नव्हे, पण मला आवडतं ते.

शरीराच्या बाजूने बघायचं तर श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून शांत बसलात तर बऱ्याच जणांना हे कळतं सुद्धा. सोडताना व्हेगस नर्व्हचा, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येऊन ठोके मंद करणाऱ्या नसेचा, ब्रेक जास्त लागतो. मोठ्या माणसाचा श्वास आरामात बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो, लांब ओंकार म्हटला की तो पाच-सहावर येतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांना एकदा लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि एकदा "ॐ मणि पद्मे" हा मंत्र म्हणायला लावला होता, दोन्हीत श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाची स्वतःची एक लाट असते, साधारण दहा सेकंदांची, सहाच्या गतीचा श्वास नेमका तिच्यावर बसतो आणि दोन्ही एकमेकांना जोर देतात, त्यामुळे रक्तदाब सांभाळणारी जी आतली यंत्रणा आहे ती जास्त तल्लख होते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, शब्द वेगळे, आणि लांबी जवळपास तीच! मला हे वाचून कितीतरी दिवस आनंद होत होता.

आता तुम्ही म्हणाल मग "ॐ"च कशाला, काहीही म्हणा की. तर अगदी तसंही नसावं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०११ साली एक छोटा अभ्यास झाला, मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपून ॐ म्हणायचं आणि तुलनेसाठी तेवढाच वेळ नुसतं "स्स्स्" करायचं. ॐ च्या वेळी मेंदूतले भावनांशी संबंधित भाग शांत झालेले दिसले, "स्स्स्"च्या वेळी नाही. माणसं मात्र जेमतेम डझनभर होती, तेव्हा यावर फार मोठा इमला बांधू नये. पण लांब उच्छ्वासाबरोबर कंपनाचाही काहीतरी वाटा असावा असं मला स्वतःच्या अनुभवावरून वाटतं.

करायचं कसं ते जरा नीट सांगते कारण इथेच सगळा घोळ होतो. बसायचं, खुर्चीत चालेल, पाठ ताठ पण ताठर नाही. पहिला आवाज आपल्याला सहज येतो त्या खालच्या पट्टीत लावायचा, बायकांनी पुरुषांच्या पट्टीत घसा खरवडायचा नाही. अ ला तोंड उघडं, हात छातीवर ठेवला तर हाताला थरथर लागते. उ ला ओठ पुढे येतात आणि थरथर घशाकडे सरकते. मग ओठ मिटले की म, आणि इथे सगळं डोक्यात जातं, नाकाचं हाड, कपाळ, कधीकधी वरचे दात सुद्धा झिणझिणतात. ओठांना गुदगुल्या झाल्या तर समजा म नीट लागला, नाही झाल्या तर ओठ फार घट्ट दाबलेत किंवा दातांवर दात बसलेत, दातांमध्ये जरा फट ठेवा. म अ-उ पेक्षा लांब ठेवायचा. आणि महत्त्वाचं, शेवटचा थेंब पिळून काढायचा नाही. आवाज डळमळायला लागायच्या आत सोडून द्या. बरोबर झालं का हे ओळखायची खूण पुढच्या श्वासात असते: तो नाकाने, आवाज न करता, आपला आपण आला तर ठीक, तोंडाने धापकन घ्यावा लागला तर तुम्ही ओढलंत.

मी एका वर्गाला जायचे तिथे नेमकं उलटं चालायचं, घड्याळ लावून ओंकार, ज्याचा सगळ्यात लांब त्याला टाळ्या. लोक लालबुंद व्हायचे. त्याला साधना का म्हणायचं ते मला कधी कळलं नाही.

ज्ञानदेवांनी पहिल्याच अध्यायात ओंकाराचा गणपती केलाय, "अकार चरणयुगुल, उकार उदर विशाल, मकार महामंडल, मस्तकाकारें". मी वर जे हात ठेवून सांगतेय ते आणि हे तंतोतंत एक नाही, पण म डोक्यात जातो एवढं तर जुळतंच ना. मांडूक्य उपनिषद तर उण्यापुऱ्या बारा मंत्रांचं, आणि त्याचा सगळा भर अ-उ-म या तीन मात्रांवर आणि चौथ्या अमात्रेवर, म्हणजे आवाज संपल्यानंतर जे उरतं त्यावर. जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप, आणि तुरीय म्हणजे या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था. मला तुरीय वगैरे काही कळलंय असा माझा अजिबात दावा नाही, पण म संपल्यावर पुढचा श्वास यायच्या आधी जी छोटीशी जागा असते तिथे दोन क्षण थांबलं की विचार खरंच नसतो, आणि मग तो येतो, बहुतेक वेळा राहिलेल्या कामाचा.

भ्रामरी ही माझी दुसरी आवडती. अंगठ्याने किंवा तर्जनीने कानाच्या भोकासमोरचा तो छोटा मऊ उंचवटा हलकेच दाबायचा, बोट कानात खुपसायचं नाही, आणि तोंड मिटून भुंग्यासारखा आवाज. बाहेरचं सगळं बंद होतं आणि डोकं आतून भरून जातं. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड तयार होतो, आणि २००२ मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना दिसलं की गुणगुणताना नाकातून बाहेर येणारा हा वायू शांतपणे श्वास सोडण्याच्या तुलनेत १५ पट होतो, कारण कंपनामुळे त्या पोकळ्यांतली हवा भराभर खेळती राहते. यावरून लगेच भ्रामरीने सायनस कायमचा बरा होतो असे मेसेज फिरायला लागतात. वायू मोजला होता हो, आजार नाही.

तेच त्या फ्रिक्वेन्सीवाल्या व्हिडिओंचं, अमुक हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो आणि तमुकने चक्र उघडतं. कानाला बरं वाटत असेल तर ऐका की, पण दुसऱ्याचा आवाज ऐकून आपला रेचक लांबत नाही, आणि माझ्या मते तिथेच अर्धी साधना हुकली.

आणि कपालभाती, पोट आत झटकत भराभर श्वास सोडणं. हठयोगप्रदीपिकेत, हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात, ती षट्कर्मांत येते, म्हणजे शुद्धिक्रियांत, कुंभकांच्या म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांच्या यादीत नाही, पण आपल्याकडे प्राणायाम म्हटलं की लोक आधी पोट हलवायला लागतात. ताकदीबाहेर जोरजोरात, भराभर श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि कोणीतरी शेजारून सांगतं की ही कुंडलिनीची हालचाल. नाही हो. थांबा आणि साधा श्वास घ्या. त्याच ग्रंथात म्हटलंय की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायू हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो. आणि लगेच पुढे, नीट केलेल्या प्राणायामाने सगळे रोग जातात आणि चुकीच्या अभ्यासाने सगळे रोग उद्भवतात. यातलं पहिलं अर्धं वाक्य तेवढं पोस्टरवर येतं.

मला स्वतःला काय फरक पडला असं विचाराल तर झोप. मध्यरात्री जाग यायची ती अजूनही येते, पण पूर्वी मी पहाटेपर्यंत छताकडे बघत हिशेब करत बसायचे, आता पडल्या पडल्या अगदी बारीक आवाजात भ्रामरी करते, घरातलं कोणी उठत नाही एवढ्या बारीक, आणि बहुतेक वेळा परत झोप लागते. राग येतो तितकाच येतो, फक्त लवकर उतरतो. बीपीची गोळी चालू आहे, ती डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी होईल. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, बीपी जास्त आहे, ज्या गरोदर आहेत त्यांनी श्वास कोंडून धरणं आणि भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास)-कपालभाती यांच्या नादाला लागू नये, आवाज मात्र सोसवेल तेवढा हळुवार करायला सहसा हरकत नसते, तरी एकदा डॉक्टरांना विचारा. पॅनिकचा त्रास असलेल्यांना श्वासाकडे बघ म्हटलं की उलट जास्त घाबरायला होतं, त्यांनी डोळे उघडे ठेवून, खिडकीबाहेर बघत गुणगुणावं. दमा असेल तर पंप जवळ हवाच.

पुढे पुढे आवाज आपोआप बारीक होतो. आधी वाचिक जप, म्हणजे ऐकू येईल असा, मग उपांशु म्हणजे ओठ हलतात पण शेजारच्याला ऐकू येत नाही, मग मानस, मनातल्या मनात. त्याच्याही पुढे अजपा, म्हणजे न जपता श्वासाबरोबर होणारा जप, श्वास आत जाताना सो आणि बाहेर येताना हं. दिवसाला २१,६०० श्वास म्हणजे २१,६०० जप असा जुना हिशेब आहे, भागून बघा, मिनिटाला बरोबर १५ येतात, वरच्या १२ ते २० मध्ये चपखल बसणारे. हे मला जमतं का? कधीमधी, थोडा वेळ. मध्येच सो कुठे आणि हं कुठे हेच विसरायला होतं.

शेवटचं नादानुसंधान. हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या अध्यायात आत ऐकू येणाऱ्या नादांची यादीच आहे, सुरुवातीला समुद्र, ढग, भेरी (नगारा) यांसारखे, मध्ये शंख आणि घंटा, आणि शेवटी घुंगरू, बासरी, वीणा, भुंगा. हे वाचून बरेच जण कानात बारीक शिट्टी वाजली की साधना फळाला आली म्हणून खूश होतात. असेलही कोणाची. पण ती शिट्टी एकाच कानात वाजत असेल, ऐकू कमी येत असेल किंवा बरोबर चक्कर येत असेल तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन तपासून घ्या. खरंच नाद असेल तर तो तपासणीने कुठे जात नाही.