गेममध्ये पण गॅरेजच चालवायचंय?

रात्री घरातलं सगळं आवरलं की मी डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर बसून लोकांचे इंटरव्ह्यू घेते. नोकरीचे नाही हो, आमच्या जीटीए रोलप्ले सर्व्हरचे. छोटासा सर्व्हर आहे, बरीचशी मराठी पब्लिक, त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचीच जास्त. व्हाइटलिस्ट आहे, म्हणजे कुणीही उठून आत घुसू शकत नाही, आधी आमच्यापैकी कुणाशी तरी बोलायचं, नियम माहितीयेत का ते दाखवायचं आणि मग माझा ठरलेला प्रश्न, की तू सिटीत, म्हणजे गेममधल्या शहरात, कोण होणार आणि तेच का? पहिल्या अर्ध्याचं उत्तर सगळे पाठ करून येतात. "तेच का" ला मात्र गाडी अडते आणि खरी मजा तिथेच असते.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जीटीए फाइव्ह हा २०१३ चा गेम, फाइव्हएम नावाचं मॉड (मूळ गेमला बाहेरच्यांनी केलेली जोड) वापरून लोक त्याचे स्वतःचे सर्व्हर चालवतात (२०२३ मध्ये मूळ गेम बनवणाऱ्या रॉकस्टारने ती टीमच आपल्यात घेतली). शहर तेच लॉस सँटोस, पण मिशन नाही, स्टोरी नाही. तुम्ही एक माणूस बनायचं, पोलीस, डॉक्टर, गुंड, टॅक्सीवाला काहीही, आणि माईकवर त्या माणसासारखंच बोलायचं वागायचं. मध्येच "अरे माझं नेट गेलं" म्हणालात तर ते फेल आरपी, म्हणजे रोलप्ले मोडला.

आता हे ऐकलं की ऑफिसच्या खालच्या चहाच्या टपरीवर एक ठरलेली थिअरी येते, की खऱ्या आयुष्यात काही जमत नाही म्हणून ही मंडळी तिकडे पळतात. मला ही थिअरी आळशी वाटते. निक यी नावाच्या संशोधकाने ३००० ऑनलाइन खेळाडूंच्या सर्व्हेवरून २००६ मध्ये लोक का खेळतात याची दहा कारणं काढली होती, त्यात रोलप्ले आणि पळवाट ही दोन वेगवेगळी कारणं आहेत. एकाच गटात, शेजारी शेजारी, पण वेगळी. म्हणजे एकाला दोन्ही हवं असू शकतं, पण एक आहे म्हणून दुसरं असणारच असं काही नाही. आणि मी जे रोज बघते त्यात तर पळून जाणारे फारच कमी दिसतात.

आमच्या सिटीतले बापू घ्या. खऱ्या आयुष्यात हा माणूस सदाशिव पेठेतल्या एका ऑफिसात दिवसभर हिशोब तपासतो, मार्च एंडला तर त्याचं दर्शनच होत नाही. आणि सिटीत काय करतो, तर गॅरेज चालवतो. विमान उडवता येतं, बँक लुटता येते, हा बसलाय ऑइल बदलत. परवा एक गँगवाला गोळ्यांनी चाळण झालेली सुलतान (गेममधली एक गाडी) घेऊन आला, मागे सायरन वाजतायत आणि बापू शांतपणे टाइप करतायत (आपला माणूस काय करतोय ते "स्लॅश मी" लावून लिहायचं असतं), "स्लॅश मी बॉनेट उघडून आत डोकावतो". मग माईकवर, "काय हो, उंदरांनी कुरतडली का गाडी?" तो म्हणतो बापू लवकर करा पोलीस मागं आहेत. बापू म्हणतात, "पोलीस असू देत नाहीतर कमिशनर, तुमच्या आधी दोन गाड्या आहेत, तिकडं बाकड्यावर बसा." आणि तो बसला! खिशात बंदूक असलेला गुंड मुकाट्याने बाकड्यावर, पुढच्या गाडीवाल्याशी पावसाच्या गप्पा मारत. त्याने बंदूक रोखली असती तर नियमाप्रमाणे बापूंना घाबरावंच लागलं असतं, पण त्याने नाही रोखली, कारण त्यालाही कळलं की हा सीन पळून जाण्यापेक्षा भारी चाललाय.

मी एकदा कॅरेक्टरच्या बाहेर विचारलं त्यांना, की दिवसभर काम करून परत रात्री कामच का? म्हणाले, "ऑफिसात माझं काम कुणी उघडून बघितलं तर चूक सापडली म्हणूनच बघतात. इथे गाडी नीट झाली की समोरचा ती चालवत निघून जातो, आपल्याला दिसतं ना." आता कामातून पळून कामाकडेच जाणं याला पळवाट म्हणायचं तर म्हणा बापडे.

दुसरी जमात नाटकवाली. पुण्यात यांना तोटा नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, १९६३ पासून चालू आहे, भरत नाट्य मंदिरात "अरे आव्वाज कुणाचा" करून घसे बसवलेल्या पोरांच्या किती बॅचेस झाल्या असतील विचार करा. आता ही सगळी हिंजवडी, खराडीला लॅपटॉप घेऊन बसलेली, तालमीला वेळ नाही, ग्रुप फुटलेला, कुणी बंगळूरला कुणी जर्मनीत. ते सिटीत आले की लगेच ओळखू येतात, बोलायच्या आधी एक पॉज घेतात. आणि सीन मिळाला की सोडवत नाही त्यांना, दुसऱ्याला बोलूच देत नाहीत, हे आपलं माझं रडगाणं. पण यांची एक गोष्ट मला फार आवडते, यांना हरायला आवडतं. एकाने महिनोन्‌महिने गँग उभी केली, मग मुद्दाम चुकीच्या माणसावर विश्वास टाकला आणि स्वतःचा माणूस पर्मा करून घेतला, म्हणजे ते कॅरेक्टर कायमचं मेलं, परत येणार नाही. पैसे, गाड्या, बंगला सगळं गेलं. अंत्ययात्रेला अख्खी सिटी आली होती, त्यात हा स्वतः नवीन कॅरेक्टर घेऊन, चहावाला म्हणून, कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना चहा वाटत होता. त्याच्याइतका खूश माणूस त्या रात्री सर्व्हरवर दुसरा नव्हता.

मग येतात जिंकायला आलेले. ते इंटरव्ह्यूत कधीच खरं सांगत नाहीत. "मला माझ्या कॅरेक्टरची जर्नी एक्सप्लोर करायचीय" वगैरे म्हणतात आणि आत आल्यावर "स्लॅश मी मागून येऊन हात बांधतो" टाकून मोकळे, समोरच्याला प्रतिकार करायची संधीच नाही. रिचर्ड बार्टल म्हणून आहे, १९७८ मध्ये एसेक्स युनिव्हर्सिटीत रॉय ट्रबशॉने मड नावाचा गेम सुरू केला, त्यात हा सोबत होता, नुसत्या टेक्स्टवर चालायचा तो. त्याने १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले, कमावणारे, धुंडाळणारे, गप्पा मारणारे आणि दुसऱ्याला त्रास द्यायला आलेले. रोलप्ले हा त्यात वेगळा प्रकारच नाहीये, गप्पा मारणाऱ्यांना बोलायला एक निमित्त म्हणून तो येतो. मला हे पटतं पण अर्धंच. कारण आमच्याकडे चारही प्रकारचे लोक रोलप्ले करतात, सोंग सगळ्यांचं सारखंच दिसतं आणि आतला हेतू वेगळा, भांडणं होतात ती याच्यामुळेच. एकाला गोष्ट पुढे न्यायचीय, दुसऱ्याला बँकेतले पैसे हवेत, आणि दोघं एकाच दरोड्यात आहेत. मग रात्री एक वाजता माझ्याकडे तिकीट, म्हणजे तक्रार, की ताई याला बॅन करा.

आवाजाचाही एक भाग आहे. माझी एक मैत्रीण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या रोलप्ले सर्व्हरवर खेळते, तिथलं सगळं टाइप करून चालतं, ती तिथे एक खडूस म्हातारा योद्धा आहे आणि कुणाला पत्ता नाही. आमच्याकडे माईक उघडला की बाई आहे हे कळतंच, आणि मग काही जणांच्या अंगात जे येतं ते मी इथे लिहीत नाही. त्यामुळे ज्यांना दुसरंच कुणीतरी होऊन बघायचंय त्यांच्यासाठी आमची सिटी तितकीशी सोयीची नाही, हे मी इंटरव्ह्यूतच सांगून टाकते.

मी स्वतः सिटीत ट्रॅफिक हवालदार आहे. का? तर मला लोकांच्या सबबी ऐकायला आवडतात. "मॅडम इथंच राहतो, पुढच्या गल्लीत", लॉस सँटोसमध्ये! "मॅडम हेल्मेट घरी राहिलं, मान दुखते", एकदा तर एकाने दिंडी चाललीय म्हणून राँग साइडने आलो असं सांगितलं. पावती मी फाडतेच, पण पूर्ण ऐकून घेऊन.

आत्ता आमच्याकडे वाद चाललाय तो मेकॅनिकचा पगार वाढवायचा का याचा. दरोडा घातला की लाखो रुपये आणि दिवसभर गाड्या दुरुस्त केल्या की चणे-फुटाणे, हे बरोबर नाही असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तर सिटीत तेही आणता येतं, आकडाच तर वाढवायचाय. मी विरोधात मत दिलंय. पगार वाढला की नुसते पैसे मोजायला येणारे गॅरेजात भरती होणार, गाडी आली की बटण दाबून नीट करणार आणि पुढची बोलावणार, बाकड्यावर कुणी बसणारच नाही. बापूंनी मात्र पगारवाढीच्या बाजूने मत दिलंय, वर मला मेसेज, की ताई तुमचं सगळं खरं पण महागाई किती झालीय सिटीत.