डालड्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

आमच्या मंडळाच्या रामनवरात्रात सगळ्यात मानाची वस्तू कोणती, तर डालड्याचा एक रिकामा डबा. पिवळा, वरचं झाड अर्धं खरवडलेलं आणि झाकणाला छिन्नीनं पाडलेली फट. सोड्याच्या गरम पाण्यानं कितीही धुवा, त्याचा ओशटपणा काही जायचा नाही. चिठ्ठी बाहेर यायची ती तेलकट होऊनच. दिव्यासमोर धरली की उलगडायच्या आधीच अक्षरं आरपार दिसायची आणि पुढच्या रांगेतली पोरं ‘कुणाचं आहे, कुणाचं आहे’ करत माना वेळावायची.

वाडा नाशिकच्या पंचवटीत, काळारामाच्या देवळाच्या पूर्व दरवाजापासून हाकेच्या अंतरावर. पाडव्याला देवळात वासंतिक नवरात्र बसायचं, त्याच संध्याकाळी आमच्या चौकात सतरंज्या पडायच्या. सकाळी पाठांतर, दुपारी बायकांचं भजन, त्यानंतर आंबेडाळ आणि पन्हं. आणि रात्री जेवणं उरकली की डबा. माईक भाड्याचा होता आणि त्याला नऊ दिवसांतले निदान चार दिवस घसा बसलेला असे.

डब्याची कल्पना बाईंची. बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या. पहिल्या रात्री त्यांनी नियम सांगितले. चिठ्ठीवर नाव घालायचं नाही. प्रश्न मुलांनी विचारायचा, उत्तर मोठ्यांनी उभं राहून द्यायचं. आणि श्लोक म्हणून खाली बसायचं नाही. आपल्या घरात काय चालतं ते आधी सांगायचं, मग श्लोक. यावर पहिल्या वर्षी बरीच कुरकुर झाली. एका काकांनी विचारलं, ‘‘बाई, हे सगळं शाळेतच का नाही घेतलंत इतकी वर्षं?’’ बाई म्हणाल्या, ‘‘राज्यघटनेचं २८ वं कलम वाचा. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानावर चालणाऱ्या शाळेत ते कुणावर लादता येत नाही. मला ते बरोबरच वाटतं. पण मुलांना प्रश्न पडायचे थोडेच थांबतात? ते इथे विचारू देत. इथे मार्क नाहीत.’’

पाठांतराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पंधराव्या अध्यायाचे वीस श्लोक, दरवर्षी तेच, आणि दरवर्षी आमचा धाकटा भाऊ बाराव्याला अडकायचा. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी. आमच्याकडे अशा चार वाट्या आहेत, त्यातली एकही त्याची नाही.

मी सातवीत होते त्या वर्षीची एक चिठ्ठी मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. आदल्या दिवशी आम्हा मुलांना गोदाघाटावर देव मामलेदारांच्या समाधीला नेलं होतं. यशवंत महादेव भोसेकर, सटाण्याचे मामलेदार. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना उघडून लोकांना वाटला. आकडासुद्धा सांगतात, १ लाख २७ हजार रुपये. १८८७ साली नाशकातच त्यांनी देह ठेवला, म्हणून समाधी इथे. चिठ्ठीत पेन्सिलीनं लिहिलं होतं : खजिना सरकारचा होता, मग ही चोरी नाही का?

चौकात एकदम शांतता. मग एक आजोबा उठले आणि सुटकेच्या स्वरात म्हणाले, ‘‘अरे, वरून तपासणीला साहेब आला तेव्हा खजिना पैन् पै भरलेला निघाला. देवानंच भरला. मग चोरी कसली?’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबा बसणार, तेवढ्यात जिन्यावरून एक पोरगा ओरडला, ‘‘आणि भरलेला निघाला नसता तर?’’

हा प्रश्न खरं तर डब्यातून यायला हवा होता, नियमात बसत नव्हता. पण बाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि तोच पुढे घेतला. मग जी जुंपली! तहसील कचेरीत कारकून असलेले आमच्या वरच्या मजल्यावरचे भाऊ उठले. एरवी भजनातसुद्धा तोंड न उघडणारा माणूस. म्हणाले, ‘‘माझ्या सहीनं धान्याचं एक पोतंही हलत नाही. पण समोर माणूस हात जोडून उभा असतो आणि मी त्याला ‘उद्या या’ म्हणतो. फाईल पूर्ण असली तरी म्हणतो. सवयीनं.’’ एवढं बोलून ते खाली बसले. त्यांची बायको पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत होती. चोरी की नाही, याचा निकाल त्या रात्री लागला नाही. बाईंनी तो लावूही दिला नाही. साडेअकराला ‘‘पन्हं संपवा’’ म्हणाल्या आणि उठल्या.

पुढे शाळांतून मूल्यशिक्षण आलं, परिपाठ आला, माझी मुलं ते शिकली. वाईट नव्हतं. पण त्यांच्या वह्यांत प्रत्येक मूल्याखाली एकेक गोष्ट आणि गोष्टीखाली तात्पर्य असायचं, आणि मला त्या वह्या तपासताना भाऊंचा तो ‘सवयीनं’ आठवायचा.

वाडा आता नाही. मंडळाचा कार्यक्रम हॉलमध्ये होतो, निवेदिका असते, वेळेत संपतो. डबा कुणाकडे गेला ते विचारायचं राहिलंच.

आता माझी चिठ्ठी. १९८२ चं नवरात्र. आमच्याकडे भांडी घासायला मावशी यायच्या. त्यांचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, मोरीवरच्या खिडकीत पालथा घातलेला असे. मी लिहिलं : रामाला नैवेद्य दाखवतो त्याच घरात मावशींचा कप वेगळा का? अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवलं होतं. बाईंनी वाचलं आणि पुढच्याच रांगेत बसलेल्या आजीची जपमाळ थांबली.

कुणीच उठेना. शेवटी समोरच्या खोलीतले आबा उठले. म्हणाले, ‘‘कपाचं मला माहीत नाही. मी देवळाचं सांगतो.’’ १९३० साली २ मार्चला दलितांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा आबा नऊ वर्षांचे. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, हजारो माणसं, आणि त्यांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून बंद केलेले दरवाजे. एप्रिलमध्ये रथाच्या दिवशी दगडफेक झाली. ‘‘मोठी पोरं फेकत होती,’’ आबा म्हणाले, ‘‘मीही एक फेकला. कुणाला लागला की नाही, बघायला थांबलो नाही. दरवर्षी रथ निघतो, मानकरी बुवा रामाकडे तोंड करून उलटे चालतात, आपण सगळे बघायला जातो. मी नाही जात, ते तुम्ही गुडघ्यांवर ढकलता. गुडघे ठीक आहेत माझे.’’

त्या रात्री पन्ह्याला कुणी हात लावला नाही.

घरी आल्यावर आजी एक शब्द बोलली नाही. दादा, म्हणजे आमचे वडील, तेही बोलले नाहीत. अक्षर त्यांनी ओळखलं होतं, हे मला त्यांच्या कडी लावण्याच्या आवाजावरून कळलं. सकाळी मी उठले तर दादा मोरीच्या खिडकीपाशी उभे, हातात तो कान तुटलेला कप, त्यातून चहा पीत होते. गरम कप कानाशिवाय धरता येत नव्हता, म्हणून पंचाच्या टोकानं धरलेला. आजी देवघरात घंटी जरा जास्तच जोरात वाजवत होती.

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांनी खिडकीकडे बघितलं, मग दादांकडे, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, ‘‘दादा, माझा कप का घेतला? आता मी कशात पिऊ?’’

आईनं काही न बोलता फडताळातून पाहुण्यांची कपबशी काढली. मावशींनी ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, ‘‘ही फुटली तर माझ्या पगारातून कापायची नाही, आधीच सांगते.’’