दोरीला बांधून फिरवल्याशिवाय उडवायचं नाही

इथे इंग्लंडमध्ये लेकीच्या शाळेत बाटलीच्या रॉकेटची स्पर्धा झाली. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात एक तृतीयांश पाणी आणि सायकलच्या पंपाने भरलेली हवा. हे आपल्याकडची पोरंही करतात. माझ्या मनात बसला तो एक नियम: लाँचरकडे जाण्याआधी रॉकेट दोरीला बांधून डोक्याभोवती गरगर फिरवून दाखवायचं. नाक पुढे ठेवून फिरलं तर पास. आडवं पडलं किंवा शेपटीकडून फिरलं तर मुकाट्याने टेबलाकडे परत. सगळ्यात देखणं रॉकेट असंच परत आलं. त्या मुलाच्या वडिलांनी हुज्जत घातली नाही, ते कात्री घेऊन बसले. हे मला फार आवडलं.

चोपड्याहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला तो याच सुमारास. "मामा, बाटली वाकडी जाई राहिनी, काय करू?" त्याने पंख लावले होते ते बाटलीच्या मधोमध, मोठेच्या मोठे.

तर ऐका. पंख लावलेली रिकामी बाटली आडवी धरून दोरीवर तोला. जिथे ती समतोल राहते, तो वजनाचा मध्य. वाऱ्याचा रेटा जिथे एकवटतो तो बिंदू त्याच्या मागे हवा, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका. दोन लिटरच्या बाटलीला म्हणजे सुमारे 11 सेंटिमीटर. पंखांचं काम हा बिंदू मागे ओढायचं, आणि बाटली उडते ती बूड वर, तोंड खाली; म्हणून ते तोंडाकडे, अगदी खाली लागतात. मधोमध लावलेला पंख नुसता वारा अडवतो. चाचणी रिकाम्या बाटलीची घ्यायची, कारण पाणी सेकंदाच्या आतच बाहेर पडतं आणि पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचाच असतो. चाचणीत नापास झाली तर लगेच पंख वाढवू नका. आधी नाक जड करा. टेनिस बॉल साधारण 58 ग्रॅमचा, म्हणजे जवळपास रिकाम्या बाटलीएवढाच. तो बुडावर घट्ट बसवला की वजनाचा मध्य झपाट्याने पुढे सरकतो, शिवाय कुणाला लागलं तरी मार मऊ. अवाढव्य पंखांचं रॉकेट वारा येईल तिकडे नाक वळवतं. आपल्याकडे मे-जूनमध्ये वारा कसा सुटतो ते सांगायला नको.

आता पंख कशाचे? इथली मुलं घरविक्रीच्या पाट्यांचं पन्हळी प्लास्टिक कापतात. अरे, हे तर आपलं सनपॅक! क्लासेसच्या जाहिरातींचे जुने बोर्ड धुळ्या-जळगावात खांबाखांबावर लटकलेले असतात, विचारून घेतले तर कुणीही देईल. केळीच्या खोक्याचा पुठ्ठा मात्र नको, पहिल्या उड्डाणातच भिजून लोळागोळा होतो. सनपॅकच्या नळ्या बाटलीपासून बाहेर, पंखाच्या टोकाकडे जाणाऱ्या हव्यात. त्या बाटलीला समांतर आल्या तर पंख नळीच्या रेषेवर दुमडतो, फडफडतो आणि सगळं गणित जातं. तीन पंख पुरतात, सारख्या मापाचे आणि सारख्या अंतरावर. मुळाशी शीटचे दोन थर सोलून दोन्हीकडे उलटे वळवायचे, म्हणजे चिकटायला जागा मिळते.

इथे एक गृहस्थ मला म्हणाले, तुमच्या गावाकडे अशा सोयी नसतील. मला राग आला. सोय कसली? एक सुतळी लागते. मैदान म्हणाल तर तापीकाठी मोकळं रान इथल्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. लंडनमधल्या टेडिंग्टनची नॅशनल फिजिकल लॅबोरेटरी अशा रॉकेटांची स्पर्धा भरवत आली आहे, देशाची प्रयोगशाळा पोरांसाठी दार उघडते. याचा हेवा वाटतो, हे खरं. पण आपल्याकडची पोरं मोटर उघडून बसवतात, ठिबकची नळी डोळे मिटून जोडतात, त्यांना हात शिकवावा लागत नाही. उडवण्याआधी तपासायची सवय तेवढी लावायला हवी, आणि ती फोनवरूनही लावता येते. मी इतक्या लांब असलो तरी मामाचं काम करतोच आहे.

भाच्याला दोन गोष्टी बजावल्या आहेत. ग्लू गनचा गोंद खानदेशच्या उन्हात मऊ पडतो, म्हणून पंखांना वरून मजबूत टेप गुंडाळायची आणि उडवायचं सकाळी लवकर. आणि हवेचा दाब 60 पीएसआयच्या (पंपावरच्या दाबाच्या मापाच्या) वर न्यायचा नाही, चरे पडलेली बाटली तर वापरायचीच नाही. नवे पंख लावलेत, म्हणतोय. आधी दोरीवर फिरवल्याचा व्हिडिओ पाठव, मग पाणी भर, असं सांगितलं आहे.