आमची वाटचाल : अर्धवट भोकांचा धंदा

आमच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या पोलादी पट्टीत एकही बोल्टचं भोक पूर्ण मापाचं नसतं. पाव इंची, म्हणजे दोन सुती, बोल्ट जायचा असेल तिथं आम्ही दीड सुताचं भोक पाडून देतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). नवं गिऱ्हाईक हमखास फोन करतं, ‘भोकं लहान आलीत.’ फोन बहुधा माझी बायको घेते. ती सांगते, ‘लहानच पाठवलीत. उरलेलं काम तुमच्या गॅरेजमध्ये व्हायचंय.’ काही जण चिडतात, दोघा-चौघांनी माल परतही पाठवला आहे. पण आमचा धंदा उभा राहिला तो याच अर्धवट भोकांवर.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, ॲपल्टनजवळ आमचं मशीन शॉप आहे. आम्ही दोघं नवरा-बायको आणि दोन कारागीर, एवढाच पसारा. घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हातानं लाकडी विमान बांधणारी माणसं इथं बरीच आहेत. त्या विमानाचा पंख धडाला जिथं जोडला जातो, तिथल्या पोलादी जोडपट्ट्या, म्हणजे फिटिंग्ज, आम्ही करतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान होतं, ऑइल इंजिनांचे सुटे भाग करायचे. डिप्लोमा झाला, भोसरीत काही वर्षं टूलरूममध्ये काढली आणि तिथून इकडच्या एका टूलरूममध्ये आलो. फॉक्स नदीच्या या खोऱ्यात तेव्हा कागदाच्या गिरण्या जोरात होत्या. रोलरचे शाफ्ट, बेअरिंगची घरं, बुश, सुऱ्यांचे होल्डर असं जॉबवर्क भरपूर मिळायचं. त्या भरवशावर नोकरी सोडून शेड भाड्यानं घेतली, जुनं मिलिंग आणि एक लेथ टाकला. मग गिरण्या एकेक करून बंद पडायला लागल्या. २००८च्या मंदीत तर आठवडेच्या आठवडे मशीनवर कापड टाकून ठेवलेलं असायचं.

आमच्यापासून अर्ध्या तासावर ऑशकॉश आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३मध्ये मिलवॉकीत हौशी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली. १९७०पासून तिचा वार्षिक मेळा ऑशकॉशच्या विमानतळावर भरतो, जुलैच्या अखेरीस. विमानतळाला नाव स्टीव्ह विटमन यांचं. ते शर्यतीचे वैमानिक आणि विमानांचे रचनाकार. त्यांच्या टेलविंड विमानाचं धड पोलादी नळ्यांचं, पण पंख लाकडाचे. मेळ्याच्या आठवड्यात आमच्या शेडवरून दिवसभर घरघर चालायची आणि मी खाली कागदाच्या मशीनचे बुश कापत बसलेलो असायचो. त्यातलं काम आपल्याकडे येऊ शकेल, हे डोक्यातच आलं नव्हतं.

काम आणलं ते गिरणीतून निवृत्त झालेल्या एका फिटरनं. माझं हात चालवणं त्याला माहीत होतं. तो केआर-२ बांधत होता. केन रँड या कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरची ही रचना १९७०च्या दशकातली: दोन माणसांचं इवलंसं विमान, आत स्प्रूस लाकडाचे स्पार, वर फोम आणि फायबरग्लास. स्पार म्हणजे पंखातला आडवा मुख्य दांडा. या विमानात मधला तुकडा धडाबरोबरच असतो आणि बाहेरचे पंख काढता-घालता येतात, म्हणजे ट्रेलरवर टाकून घरी नेता येतात. त्यामुळे एका लाकडी दांड्यातला सगळा जोर दुसऱ्या लाकडी दांड्यात काही पोलादी पट्ट्यांमधून जायचा असतो.

वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘लाकडाचं इमान? आणि त्यात माणूस बसणार? लेका, तू फक्त बिल आधी घे.’

बिल आधी घेतलं. पण कोटेशन देण्याआधी मी स्वतः गणित मांडून बघितलं, आणि त्या रात्री या कामाचं वजन कळलं. हवेत पंख वर वाकायला बघतो. म्हणून स्पारच्या वरच्या अंगाची फिटिंग दाबली जाते आणि खालची ओढली जाते. समजा, जोराच्या झोतात एका बाजूच्या पंखावर दीड हजार पौंड उचल आली आणि तिचा मध्य सांध्यापासून साडेतीन फुटांवर धरला. सांध्यावर ६३,००० इंच-पौंडांचा वाकवणारा जोर झाला. वरच्या-खालच्या फिटिंगमध्ये पाच इंचांचं अंतर असेल, तर प्रत्येकीच्या वाट्याला १२,६०० पौंड येतात, म्हणजे साडेपाच टनांच्या वर. सगळं विमान भरल्या वजनानं हजार पौंडांच्या आत असतं, तरी.

पोलादाला हे जड नाही. तीन सुती एएन बोल्ट, म्हणजे विमानाचा प्रमाणित बोल्ट, दोन ठिकाणी एकदम कातरायचा म्हटला तर सोळा हजार पौंडांहून जास्त लागतात. खरा प्रश्न लाकडाचा आहे. पोलादी पट्टीतला जोर स्प्रूसमध्ये उतरवायचा तर तो अनेक बोल्टांमध्ये वाटला गेला पाहिजे. आणि वाटला कधी जातो? सगळे बोल्ट आपापल्या भोकात सारखे घट्ट बसले असतील तरच. चौघांनी कपाट उचलायचं आणि तिघांचे हात नुसतेच लावलेले, असं झालं तर एकाची कंबर जाते. तसा एकच बोल्ट सगळं ओझं घेतो, त्याच्याखालचं लाकूड चेंगरतं, भोक लांबट होतं. मग पुढचा.

मी त्या फिटरला पट्ट्या पूर्ण भोकांसकट करून देणार होतो. मिलिंगवर अर्ध्या थाऊत, म्हणजे इंचाच्या दोन हजाराव्या भागात, बसवतो म्हणालो. तो हसला. म्हणाला, ‘तुझ्या मशीनवर माझा भरवसा आहे. पण माझ्या स्पारमध्ये ड्रिल कुठून कुठं जाईल, ते तुझ्या मशीनला माहीत नाही.’

हे सुतारालाच सुचावं असं बोलणं. स्प्रूसच्या वर्षावलयांत एक थर मऊ, एक कडक. लांब ड्रिल आत शिरलं की मऊ थराकडे कलतं. पुढून शंभर टक्के बरोबर असलेलं भोक मागच्या अंगाला केसभर सरकून निघतं. मागची पट्टी पूर्ण मापाची असेल तर बोल्ट जात नाही, मग माणूस हातड्रिल घालून भोक ‘जरा’ मोठं करतो, आणि तिथंच घात होतो. शिवाय एएन बोल्ट नावापेक्षा बारीकच येतो: पाव इंची बोल्ट प्रत्यक्षात ०.२४६ ते ०.२४९ इंच. सरळ पाव इंची ड्रिल मारलं तर भोक पाव इंचाच्याही वर जातं. म्हणून आधी लहान भोक, सगळं जागेवर शिकंज्यात धरून, आणि शेवटी रीमर, म्हणजे भोक खरवडून नेमक्या मापाला आणणारं हत्यार. त्यातला पहिला भाग आम्ही करायचा, शेवटचा बांधणाऱ्यानं. त्या दिवसापासून हेच आमचं मापपत्रक.

पट्ट्या ४१३० क्रोम-मॉली पोलादाच्या. साध्या माइल्ड स्टीलच्या साधारण दीडपट ताणशक्ती, आणि वेल्डिंगलाही सोसणारं. लेझरनं कापलं तर कड तापून कडक होते, कारण कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास असतो. म्हणून आम्ही वॉटरजेटवरच, म्हणजे पाण्याच्या जोरदार झोतानं, कापून आणतो. भोकाचा मध्य पट्टीच्या कडेपासून बोल्टच्या जाडीच्या दुपटीहून जवळ कधीच नाही. पुढची आणि मागची पट्टी एकावर एक धरून एकदमच भोकं पाडतो आणि जोडीवर एकच नंबर ठोकतो, तोही जोर कमी असलेल्या टोकाला.

कडा घासायचं काम आमच्याकडे एक हमोंग बाई करतात. ॲपल्टनला लाओसहून आलेल्या हमोंग लोकांची मोठी वस्ती आहे. बाईंनी आधी शिवणकाम केलेलं, त्यामुळे बोटांना नजर आहे. कानस नेहमी पट्टीच्या लांबीच्या दिशेनं फिरते, आडवी कधीच नाही, कारण आडवा ओरखडा म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. मग बारीक पॉलिश पेपर. शेवटी कडेवरून अंगठ्याचं नख ओढायचं, अडकलं की पट्टी परत. मी पास केलेली पट्टीही त्यांनी मला परत दिलेली आहे, आणि अशा वेळी वाद घालायचा नाही हे मी शिकलोय. वर पातळ इपॉक्सी प्रायमर, फिक्या रंगाचा. पावडर कोटिंग दिसायला छान, पण जाड थराखाली तडा गेलेला कळत नाही. आम्ही करून देत नाही.

पुढे इतर विमानंही आली. बर्नार्ड पीटनपोल यांचं एअर कँपर १९२९मध्ये फोर्डच्या मोटारीच्या इंजिनावर उडालं आणि लोक ते अजून बांधतात. तीन तुकड्यांचा पंख करायचा म्हटलं की मधल्या सांध्याला फिटिंग आलीच. बोइंगमधले पीट बॉवर्स यांच्या फ्लाय बेबीनं १९६२मध्ये पोबेरेझ्नींच्या संघटनेची रचना-स्पर्धा जिंकली. त्याचे पंख दुमडून विमान मोटारीमागे ओढत नेता येतं. तिथं पंख तारांनी ताणलेला, म्हणून मुळाशी जोर वेगळ्या तऱ्हेचा आणि तारा अडकवायच्या कानांचं, म्हणजे लग्सचं, काम जास्त. आम्ही रचना बदलत नाही. नकाशात आहे तेच. ‘स्टेनलेसमध्ये करून द्या, गंजणार नाही’ म्हणणाऱ्यांना मी रचनाकाराकडे पाठवतो.

बसवण्याचं काम मी मुद्दाम जाऊन बघत असे. ग्रीन बेजवळ एका निवृत्त शिक्षकाच्या गॅरेजमधली गोष्ट सांगतो. बाहेर बर्फ, आत हीटर. स्पार ड्रिल प्रेसखाली आडवा, खाली टाकाऊ लाकडाचा ठोकळा दाबून धरलेला, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना ढलपा निघू नये. भोकांच्या जागी स्पारच्या दोन्ही अंगांना बर्च प्लायवूडच्या पट्ट्या आधीच चिकटवलेल्या. लाकडाला आमच्या जिगमधल्या (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या साच्यातल्या) कडक बुशमधून भोक, दोन्ही बाजूंनी निम्मं-निम्मं. मग पट्ट्या शिकंज्यात आणि रीमर, हातानं, सावकाश, दर थोड्या वेळानं बाहेर काढून पुसत. पोलादाची कीस लाकडात ओढली गेली तर ती आतून भोक खाते. रीमर झाल्यावर भोकाच्या आत इपॉक्सी वॉर्निश, कापसाच्या काडीनं. उघड्या लाकडात ओल शिरली की बोल्टभोवती काळं वर्तुळ पडतं, पुढे कुजतंही.

आणि मग खरी परीक्षा: बाहेरचा पंख मधल्या तुकड्याला जोडणं. पंख लाकडी घोड्यांवर टेकवला. धड लेव्हलमध्ये. पंखाचा वरचा कल आणि पुढच्या कडेचा कोन डिजिटल लेव्हलनं बघितला. शेपटीच्या खांबापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरी ताणून मोजली, दोन्हीकडे सारखी भरली. शिकंजे आवळले. पुन्हा मोजलं, तर एका बाजूची दोरी एक सूत जास्त! शिकंजा आवळतानाच पंख हलला होता. मास्तरांनी काही न बोलता शिकंजे सैल केले, कॉफी केली, आणि परत पहिल्यापासून. एक भोक पूर्ण, त्यात तात्पुरता बोल्ट, पुन्हा माप, मग तिरक्या कोपऱ्यातलं दुसरं. पूर्ण भोकांच्या पट्ट्या असत्या तर या सगळ्याला वावच नव्हता, पंख जिथं गेला असता तिथंच ठोकायचा.

कायद्याच्या बाजूनंही हे जमून आलं. हौशी विमानाचा परवाना हवा तर त्याचा मोठा भाग बांधणाऱ्यानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलेला असावा लागतो. लोक त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. चार पट्ट्या तयार घेतल्यानं तो मोडत नाही, पण तपासनीस येतो तेव्हा रीमर धरलेल्या हाताचे फोटो वहीत असलेले बरे.

कागदपत्रांचं सगळं बायको बघते. ती इचलकरंजीची, माहेरी यंत्रमागांचे हिशेब लहानपणापासून पाहिलेली. प्रत्येक शीटचं पोलाद कारखान्याचं प्रमाणपत्र, हीट नंबर म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, कुठली जोडी कुणाकडे गेली, सगळं तिच्या रजिस्टरात. विमा मिळवताना मात्र दमछाक झाली. ‘विमान’ म्हटलं की समोरचा माणूस आकडा दुप्पट करतो, मग ‘घरी बांधलेलं’ आणि ‘लाकडी’ म्हटलं की बोलणंच थांबवतो. शेवटी विमानाचाच विमा करणारा एक एजंट सापडला. किमतीतला मोठा वाटा तिथं जातो, लोखंडात नाही, हे गिऱ्हाइकानं समजून घ्यावं. आणि हो, पोट अजून जॉबवर्कवरच भरतं: दुग्धालयांचे पंप, उरलेल्या एक-दोन गिरण्या. निव्वळ पंखांच्या फिटिंगवर घर चालत नाही, चालेल असंही वाटत नाही.

पहिल्या हिवाळ्यानंतर आम्ही सगळ्यांना एक पत्र धाडतो. इथं हिवाळाभर हीटरनं हवा कोरडी ठणठणीत असते, लाकूड आकसतं आणि बोल्ट सैलावतात. नट तपासा, पण पोलादावर पाव इंची बोल्टला चालणारे ५० ते ७० इंच-पौंड लाकडावर डोळे झाकून लावू नका, नकाशात काय आहे ते बघा. जास्त आवळलं तर पट्टी लाकडात रुतते.

जिग आणि रीमरची पेटी आम्ही अनामत घेऊन भाड्यानं देतो. एकदाच लागणाऱ्या वस्तूसाठी कुणी पैसे घालवू नयेत. पेटी परत आली की रीमरच्या धारेवरून हात कसा होता ते कळतं. धार गेली असेल तर आम्ही फोन करून भोकं गेजनं मोजायला सांगतो. सध्या पेट्या सगळ्या बाहेर आहेत, एक अलास्कात बर्फामुळे अडकली आहे. तीन सुती बोल्टवाल्यांनी ऑर्डर टाकायला हरकत नाही, पट्ट्या तयार आहेत. रीमरसाठी मात्र थांबावं लागेल.